वैमानिकाचा परवाना : हाली आणि कलदार

निजामी अमलांतील औरंगाबादेंत दोन प्रकारचे रुपये लोकांच्या हातांत फिरत असत. एक हैदराबाद संस्थानचा हाली शिक्का, दुसरा इंग्रजी राज्याचा कलदार. सात हाली रुपये द्यावे तेव्हां सहा कलदार मिळावयाचे. कापसाचा व्यापारी मनमाडास निघाला कीं आधीं सराफाच्या दुकानीं जाऊन हाली मोडून कलदार करून घेई. कारण मनमाड इंग्रजी हद्दींत, व तेथें हाली रुपया सहसा कोणी घेत नसे. तो रुपया खोटा होता असें नव्हे, किंवा तो बाळगणारा लबाड होता असेंही नव्हे. चांदी ती चांदीच. प्रश्न एवढाच कीं तिच्यावरील ठसा कोणाचा. संस्थान भारतांत विलीन झाल्यावरही हाली रुपया कांहीं वर्षें चालत राहिला. १९५९ सालीं तो कायमचा बंद झाला आणि सराफ्यांतील ती मोडामोड शहर विसरून गेलें.

आतां छत्रपती संभाजीनगर असें नांव धारण केलेल्या त्याच शहरांत ही जुनी अडचण एका अगदीं नव्या वेषांत पुन्हां उभी राहिली आहे. सुखवस्तु घरांतील, आणि हल्लीं तितक्याशा सुखवस्तु नसलेल्या घरांतीलही, मुलगे व मुली वैमानिक होण्याकरितां अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, फिलिपाइन्स अशा देशीं जातात व तेथील सरकारचा व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घेऊन परत येतात. चिकलठाण्याच्या विमानतळावर हार पडतात, घरोघर पेढे जातात. आणि मग आठपंधरा दिवसांनीं वडिलांच्या ध्यानांत येतें कीं, या परवान्यावर भारतांत नोकरी तर नाहींच, पण भारतीय नोंदणीचें साधें दोन आसनी विमानसुद्धां उडवितां येत नाहीं. घरावर काढलेलें कर्ज, विकलेली जमीन, दीड-दोन वर्षांचा काळ यांच्या मोबदल्यांत हातीं आलेला तो कागद येथें हाली ठरतो. तो मोडून कलदार करून घ्यावा लागतो. ही मोड कशी होते, कां करावी लागते आणि कोठें अडते, हें ज्या घरांत असा बेत चालू आहे त्यांनीं मुलाचें तिकीट काढण्यापूर्वींच समजून घेतलेलें बरें.

परवाना म्हणजे वैमानिकाच्या अंगच्या विद्येचें प्रशस्तिपत्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. बी. ए. चें प्रमाणपत्र जसें कोठेंही दाखवावें, तसेंच हेंही, असें लोकांस वाटतें. वस्तुतः वैमानिकाचा परवाना हें एका सरकारनें बाकीच्या सर्व सरकारांस दिलेलें वचन आहे. ‘या माणसाची परीक्षा आम्ही घेतली आहे व आमच्या नोंदणीचें विमान आम्ही आमच्या जबाबदारीवर त्याच्या हातीं देत आहों,’ असा त्याचा अर्थ. विद्या माणसाबरोबर समुद्रापार येते. जबाबदारी मात्र ज्या सरकारची तिच्यापाशींच राहते.

ही व्यवस्था आजची नाहीं. दुसरें महायुद्ध चालू असतांनाच ७ डिसेंबर १९४४ रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. त्या परिषदेस हिंदुस्थानचे प्रतिनिधीही हजर होते. या कराराचें ३२ वें कलम आपल्या विषयाचें मूळ होय. त्याच्या पहिल्या भागांत असें म्हटलें आहे कीं, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या वैमानिकापाशीं, तें विमान ज्या राष्ट्रांत नोंदलेलें असेल त्या राष्ट्रानें दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असला पाहिजे. म्हणजे परवाना आकाशाला बांधलेला नसून विमानाच्या अंगावर रंगविलेल्या नोंदणीच्या अक्षरांना बांधलेला आहे. भारतीय विमानांचीं अक्षरें व्हीटी, अमेरिकन विमानांचें एन. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारें व्हीटी अक्षरांचें विमान अमेरिकेच्या आकाशांत शिरलें तरी त्याच्या वैमानिकास अमेरिकन परवाना लागत नाहीं. उलट फ्लॉरिडांत शिकणारा मराठी विद्यार्थी एन अक्षराच्या लहानशा सेस्नामधून उडतो, म्हणून त्याला अमेरिकन परवाना घ्यावा लागतो. आणि तोच विद्यार्थी बारामतीस किंवा धुळ्यास येऊन व्हीटी विमानांत बसला कीं तो परवाना त्याच्या खिशांत असून नसल्यासारखा होतो.

कलमाचा दुसरा भाग याहून टोचणारा आहे. आपल्याच नागरिकाला दुसऱ्या राष्ट्रानें दिलेला परवाना आपल्या हद्दीवरील उड्डाणापुरता न मानण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्रानें राखून ठेवला आहे. १९१९ च्या पॅरिस करारांतही हा हक्क होता. त्याच्या पाठीमागचा हेतु उघड आहे. एखाद्या देशानें आपल्या नागरिकांस कडक नियम लावले, तर ते शेजारच्या देशांत जाऊन सोप्या नियमांखालीं परवाना घेतील व परत येऊन घरच्या आकाशांत उडूं लागतील. मग घरच्या नियमांस कोण विचारणार? परक्या माणसाचा परवाना मानतां, मग पोटच्या पोराचा कां मानीत नाहीं, हा आईबापांचा प्रश्न भावनेच्या दृष्टीनें बरोबर असला तरी त्याचें उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं लिहून ठेवलेलें आहे.

पूर्वीं मात्र हें सारें फार सोपें होतें. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जो परवाना मिळाला, तो ‘एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ या संस्थेनें आंतरराष्ट्रीय वैमानिक संघाच्या वतीनें दिलेला होता. त्याचा अनुक्रमांक एक. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं त्यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणून उतरविलें. त्या दिवशीं विमानांत पत्रांच्या थैल्या होत्या. पुढें थैल्यांच्या जागीं माणसें बसूं लागलीं आणि क्लबाच्या शिफारशीवर भागेनासें झालें. शिकागो करारांतून निघालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनें १४ एप्रिल १९४८ रोजीं परवान्यांसंबंधींचीं पहिलीं प्रमाणें मंजूर केलीं. हीं प्रमाणें किमान आहेत, हें ध्यानांत ठेवावें. त्याहून जास्त मागण्याची प्रत्येक राष्ट्रास मुभा आहे, आणि घोटाळा होतो तो या जास्तीच्या मागण्यांतच.

भारतांत १९३४ चा विमान अधिनियम व त्याखालचे १९३७ चे नियम यांवर हा कारभार चालत आला. त्या अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ यानें घेतली. कारभार पाहणारें खातें तेंच, नवी दिल्लीचें नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. परदेशी परवाना घेऊन आलेल्या माणसास दोन वाटा असतात. एक तात्पुरत्या मान्यतेची : भारतीय कंपन्यांना वैमानिक कमी पडले म्हणजे त्या परदेशी वैमानिक आणतात, व सरकार त्यांच्या परवान्यास ठराविक मुदतीपुरती मान्यता देतें. दुसरी वाट कायमच्या रूपांतराची. येथील मुलांची वाट ही दुसरी.

रूपांतर म्हणजे सर्व अभ्यास पुन्हां पहिल्यापासून नव्हे. परदेशांत केलेलें उड्डाण हिशेबांत धरलें जातें. पण तें भारतीय मापानें मोजलें जातें. हें माप असें : एकंदर २०० तास उड्डाण, त्यांतील १०० तास मुख्य वैमानिक या नात्यानें, व त्या शंभरांपैकीं १५ तास अर्जाच्या अलीकडच्या सहा महिन्यांतले, २० तास दूरच्या मजलीचे, आणि त्यांत एक मजल ३०० सागरी मैलांहून कमी नसलेली व वाटेंत दोन निराळ्या विमानतळांवर पूर्ण थांबलेली, १० तास केवळ उपकरणांवर नजर ठेवून, ५ तास रात्रीचे, त्यांत दहा वेळां चढणें व दहा वेळां उतरणें. अमेरिकेंत मान्यताप्राप्त शाळेंतून शिकल्यास १९० तासांत परवाना मिळूं शकतो. तेथें तो पूर्ण वैमानिक. येथें आल्यावर दहा तासांनीं उणा.

याहून मोठा सांपळा उड्डाणवहीच्या रकान्यांत असतो, व त्याची वाच्यता फारशी होत नाहीं. अमेरिकेच्या नियमांप्रमाणें, ज्याच्यापाशीं खासगी परवाना आहे असा विद्यार्थी शेजारीं शिक्षक बसलेला असतांनाही, सुकाणू स्वतःच्या हातांत असेल तर तो वेळ ‘मुख्य वैमानिक’ म्हणून लिहूं शकतो. तेथें यांत कांहींच गैर नाहीं. भारतांत मात्र शेजारीं शिक्षक असला कीं तें शिक्षण. मुख्य वैमानिकपण नव्हे. परिणामीं वहींत सव्वाशें तास लिहून आणलेला तरुण दिल्लीच्या मापानें सत्तर-ऐंशींवर येऊं शकतो. तो फसवीत नसतो आणि खातेंही त्याला छळीत नसतें. एका शब्दाचे दोन देशांत दोन अर्थ असतात एवढेंच. पण उरलेले तास भारतांत भाड्याच्या विमानांत भरून काढावयाचे म्हणजे प्रत्येक तासाला हजारों रुपयांची पुन्हां भर. ज्यानें जातांनाच वहींत ‘शिक्षक नसतांना’ असा वेगळा रकाना आखला, त्याचा हा खर्च वांचतो.

तासांचा हिशेब जमला कीं लेखी परीक्षा. नव्यानें शिकणाऱ्या भारतीय उमेदवाराहून रूपांतर करणाऱ्याचे विषय कमी असतात. विमान-नियमांची एक परीक्षा, आणि मार्गनिर्देशन व हवामान यांची मिळून एक. उत्तीर्ण होण्यास शेकडा ७० गुण हवेत. याशिवाय आकाशवाणीवरून, म्हणजे विमानाच्या बिनतारी यंत्रावरून, बोलण्याचा परवाना वेगळा. तो पूर्वीं दळणवळण खात्याकडून घ्यावा लागे व त्यासाठीं उमेदवारांस तिष्ठत राहावें लागे. २०२४ च्या अधिनियमानें ही परीक्षा विमान खात्याच्या हातीं देण्यांत आली आहे.

विमान-नियमांची परीक्षा पुन्हां कां, असें कोणी विचारूं नये. उंची मोजण्याचेंच उदाहरण घ्यावें. विमानांतील उंचीमापक यंत्र खरोखर हवेचा दाब मोजतें. अमेरिकेंत व कॅनडांत तो दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, भारतांत हेक्टोपास्कलांत, तिकडचे २९.९२ म्हणजे इकडचे १०१३.२. तेथें अठरा हजार फुटांपर्यंत वैमानिक आपलें यंत्र स्थानिक दाबावर लावतो व त्यावर सर्वांसाठीं एकच प्रमाणित दाब धरतो. भारतांत ही सीमा विमानतळागणिक ठरलेली असते व पुष्कळ ठिकाणीं ती याहून फारच खालीं असते. जो तरुण फ्लॉरिडाच्या संवयीनें पुण्याच्या डोंगरांवर दाब बदलण्यास विसरेल, त्याचें यंत्र त्याला कांहीं शेंकडे फूट खोटें सांगेल. ढगांत शेंकडे फूट म्हणजे डोंगर आणि विमान यांच्यामधील सारें अंतर.

हवामानाचेंही तसेंच. कॅनडांत शिकलेल्या मुलाला पंखावर बर्फ कसें सांचतें हें उत्तम ठाऊक असतें. मराठवाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारीं तीन-चारच्या सुमारास आभाळ काळवंडून येणारा वळवाचा पाऊस, त्याआधींची वावटळ, मधूनच गारा, हें त्याच्या पुस्तकांत नसतें. नैर्ऋत्य मोसमी वारे, हिवाळ्यांत उत्तरेकडे येणारे पश्चिमी विक्षोभ, बंगालची कालवैशाखी यांचा अभ्यास त्याला नव्यानें करावा लागतो, आणि तो करावाच.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांस ही गोष्ट घरच्या उदाहरणानें पटेल. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारें १९०० फूट उंचीवर आहे. प्रमाणित वातावरणाच्या कोष्टकाप्रमाणें एवढ्या उंचीवर ११ अंश उष्णता असावी. मे महिन्यांत पारा ४० वर जातो, म्हणजे २९ अंश जास्त. दर अंशास सुमारें १२० फूट हा वैमानिकांचा ठोकताळा. त्याप्रमाणें २९ अंशांचे ३४८० फूट झाले. ते मूळच्या १९०० फुटांत मिळविले कीं जवळजवळ ५४०० फूट भरतात. कळसुबाईचें शिखर इतकेंच उंच आहे. म्हणजे विमानाच्या पंखांना व एंजिनाला विचारलें, तर मे महिन्यांतील भर दुपारीं चिकलठाण्याची धावपट्टी कळसुबाईच्या माथ्यावर असते. हवा विरळ, म्हणून धांव लांब आणि चढ मंद. समुद्रकांठच्या फ्लॉरिडांत ३० अंशांच्या दिवशीं हाच हिशेब १८०० फुटांवर थांबतो. तेथें दोनशें तास उडालेल्या हातांना जी लांबी पुरेशी वाटते, ती येथें पुरेलच असें नाहीं.

या शहरास याची आठवण देण्याची गरज पडूं नये. २६ एप्रिल १९९३ रोजीं दुपारीं इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ विमान मुंबईकडे जाण्यासाठीं येथून उठलें, आणि धावपट्टीच्या टोंकापलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गांठींनीं भरलेल्या मालमोटारीवर त्याचें चाक आदळलें. पुढें विजेच्या तारांना लागून तें कोसळलें. विमानांतील ११८ माणसांपैकीं ५५ मृत्युमुखीं पडलीं. चौकशींत वैमानिकांनीं विमानाचें नाक उशिरां व चुकीच्या पद्धतीनें उचललें असा दोष निघाला, आणि उड्डाणाच्या वेळीं बीड रस्त्यावरची वाहतूक आंवरली नाहीं म्हणून विमानतळाच्या अधिकाऱ्यांवरही ठपका आला. त्या वैमानिकांचा परदेशी परवान्याशीं संबंध नव्हता. येथें तसा अर्थ कोणी घेऊं नये. पण नाक उचलण्याचा क्षण म्हणजे काय, एका-दोन सेकंदांची किंमत काय, आणि धावपट्टीचा परिसर ठाऊक असणें म्हणजे काय, हें बीड रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांस कोणी शिकवावयास नको.

इतकें मानूनही एक आक्षेप राहतोच. नियम आणि हवामान हे देशागणिक बदलतात. वाऱ्याचा त्रिकोण बदलत नाहीं. ताशीं शंभर मैल वेगाच्या विमानाला बाजूनें वीस मैलांचा वारा लागला तर तें किती अंश वाहवेल, याचें उत्तर टेक्सासांत व तुळजापुरांत एकच येणार. चुंबकीय सूचीचा उत्तरेपासूनचा भेद अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दहा अंशांहून अधिक आहे व मराठवाड्यांत तो शून्याच्या जवळपास आहे, हा फरक खरा. पण तो एका ओळींत सांगून होण्याजोगा आहे. मार्गनिर्देशनाचें सगळें गणित उमेदवाराकडून पुन्हां सोडवून घेणें म्हणजे मोडणावळीत सराफानें जरा जास्त बट्टा कापल्यासारखें आहे.

लेखी परीक्षा झाली तरी कागद पुरे होत नाहींत. ज्या देशानें परवाना दिला त्या देशाच्या विमान खात्याकडून ‘हा परवाना आम्हींच दिला व तो खरा आहे’ असें उत्तर येथील खात्याला यावें लागतें. अमेरिकन परवान्यांचें दप्तर ओक्लाहोमा सिटी येथें आहे. तेथें उमेदवारानें स्वतः संमति देऊन विनंति करावी लागते. ही पायरी केवळ कारकुनी वाटते, पण तिच्यामागें वाईट अनुभव आहेत. २०११ सालीं गोव्यास उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाचें पुढचें चाक आधीं जमिनीस लागलें. त्या प्रकरणाच्या चौकशींत वरच्या दर्जाच्या परवान्यासाठीं बनावट गुणपत्रिका दिल्याचा संशय निघाला, वैमानिकास अटक झाली, आणि पाठोपाठ तशींच आणखी प्रकरणें बाहेर आलीं. तो परवाना परदेशी नव्हता. घरच्याच खात्याच्या नांवानें गुणपत्रिका बनविल्याचा तो आरोप होता. २०२० च्या जून महिन्यांत पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनीं आपल्या संसदेंत २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद असल्याचें सांगितलें. त्याबरोबर अनेक देशांनीं पाकिस्तानी वैमानिकांस उड्डाणापासून थांबविलें, व तेथील राष्ट्रीय कंपनीवर युरोपनें घातलेली बंदी २०२४ च्या नोव्हेंबरांत उठली. त्या यादींतील पुष्कळांचे परवाने पुढें खरे ठरले. दरम्यान त्या निरपराध माणसांची जी ओढाताण झाली ती झालीच.

पत्रें जाण्या-येण्यास लागणारा हा वेळच घरांना महाग पडतो, आणि त्याचें कारण वर सांगितलेल्या पंधरा तासांत आहे. ते अर्जाच्या अलीकडच्या सहा महिन्यांतले हवेत. मुलगा परदेशांतून येतो तेव्हां त्याचें उड्डाण ताजें असतें. मग परीक्षेचें सत्र गांठावयाचें, एका विषयांत गुण कमी पडले तर पुढच्या सत्राची वाट पाहावयाची, वैद्यकीय तपासणी, बिनतारीची परीक्षा, पडताळणीचें पत्र. सर्व कागद एकत्र होईपर्यंत सहा महिने उलटून गेलेले असतात व ताजें उड्डाण शिळें होतें. बहुतेकांस मग बारामती, धुळें, शिरपूर, गोंदिया अशा एखाद्या ठिकाणच्या उड्डाणसंस्थेंत जाऊन पुन्हां तास घ्यावे लागतात व दिवसाची आणि रात्रीची चाचणी द्यावी लागते. तेथें भारतीय विद्यार्थ्यांची रांग आधींच असते. पावसाळा असला तर ढग खालीं उतरलेले असतात. कर्जाचा हप्ता मात्र ढग पाहून थांबत नाहीं.

परदेशी शाळांचे जे दलाल शहरोशहरीं चर्चासत्रें भरवितात, ते ‘अमुक महिन्यांत परवाना’ असें सांगतात. तें बहुधा खोटें नसतें. ते ज्या परवान्याची गोष्ट करतात तो हाली आहे, एवढें मात्र ते सांगत नाहींत. एकंदर खर्च अर्ध्या कोटीच्या घरांत जाणारा. त्यांतील रूपांतराचा भाग आरंभीं कोणी कागदावर मांडीत नाहीं.

सर्वांत आधीं करावयाची गोष्ट वैद्यकीय तपासणी. परदेशांतील डॉक्टरनें ‘योग्य’ म्हटलें तरी भारतीय परवान्यासाठीं येथील खात्यानें नेमलेल्या परीक्षकांकडूनच आधीं दुसऱ्या वर्गाची व मग पहिल्या वर्गाची तपासणी करून घ्यावी लागते. पहिल्या वर्गाची तपासणी हवाई दलाच्या दिल्ली व बंगळूर येथील संस्थांत, तसेंच मान्यता दिलेल्या कांहीं नागरी ठिकाणीं होते. रंग ओळखण्यांतील दोष हा असा दोष आहे कीं, तो असलेल्या मुलाला स्वतःलाही कित्येकदां विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नसतो. जमीन विकून झाल्यावर तो कळण्यापेक्षां आधीं कळावा. बारावीस पदार्थविज्ञान व गणित असण्याची अटही फार वर्षें चालत आली आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांस त्यासाठीं मुक्त विद्यालयाकडून ते विषय पुन्हां द्यावे लागले आहेत.

येथून बाहेर जाणाऱ्या भारतीय परवान्याचीही स्थिति अशीच आहे. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीनिमित्त अमेरिकेंत स्थायिक होणाऱ्या भारतीय वैमानिकास, भारतीय व्यावसायिक परवाना दाखवून तेथें केवळ खासगी दर्जाचें प्रमाणपत्र मिळतें. पगारी वैमानिक व्हावयाचें तर तेथील लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. युरोपीय संघांत तर लेखी परीक्षांचे विषयच तेरा. अमेरिका व कॅनडा यांनीं २००६ सालीं आपापसांत करार करून हें काम पुष्कळ सोपें केलें, कारण दोघांचे नियम आधींच सारखे होते. याच्या नेमकें उलट इंग्लंडचें झालें. १ जानेवारी २०२१ रोजीं इंग्लंड युरोपच्या व्यवस्थेंतून बाहेर पडलें, आणि आदल्या रात्रीं ज्या ब्रिटिश परवान्यावर युरोपांतील कोणत्याही देशाचें विमान उडवितां येत होतें, तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथें चालेनासा झाला. वैमानिक रात्रींतून अडाणी झाले नव्हते. वचन देणारें सरकार तेवढें कराराबाहेर गेलें होतें.

हें सर्व पार पडून भारतीय परवाना हातीं आला म्हणजे तो हल्लीं हातीं येतही नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतो. त्याची मुदत २०२३ च्या दुरुस्तीनें पांचाऐवजीं दहा वर्षें झाली आहे, पण वैद्यकीय प्रमाणपत्र चाळिशीच्या आंतील वैमानिकासही दरवर्षीं नवें करावें लागतें. आणि ज्या मोठ्या विमानावर नोकरी करावयाची त्या जातीच्या विमानाचें वेगळें शिक्षण अजून पुढें उरलेलें असतें.

परदेशांतील शाळा सोडण्यापूर्वीं एक काम मात्र तेथेंच उरकून घ्यावें. उड्डाणवहीच्या प्रत्येक पानावर मुख्य शिक्षकाची सही व शाळेचा शिक्का घ्यावा. एकट्याचे, शिक्षकासह, रात्रीचे व उपकरणांवरचे अशा तासांच्या बेरजा वेगळ्या मांडून त्यांखालीं पुन्हां सही घ्यावी. आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची एक प्रत शाळेच्या दप्तरांत ठेवून यावें. शिक्षक नोकरी बदलतात, शाळा बंद पडतात, आणि संभाजीनगरांतून हजारों मैलांवरची एक सही मागविण्यास लागणारा काळ त्या सहा महिन्यांतूनच वजा होत असतो.